पुढून अठरा, मागून सहा

पाऊस ओसरला की नांदेडच्या गल्ल्यांतून ओल्या चुन्याचा वास येऊ लागतो. घट बसण्याआधीचे ते आठ-दहा दिवस. आता लोक डब्यातले रंग आणतात. त्यांना वास असलाच तर औषधाच्या दुकानातला असतो. पण आमच्या गल्लीत अजून दोन-तीन घरं अशी आहेत, जिथं कळीचा चुना रांजणात पडतो, पाणी चिडल्यासारखं फुत्कारतं आणि ती गरम, नाकात चढणारी वाफ माझ्या खिडकीपर्यंत येते. ती आली की माझं डोकं तापतं. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला वास सोसत नाही. वास मला प्रिय आहे. त्या वासामागून एक माणूस आठवतो, तो मला सोसत नाही.

मी लातूरचं घर विकायला काढलं ते असेच दिवस होते. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. पण ती शेवटची आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? कचेरीत उर्दू, बाजारात मराठी, आणि आमच्या अडतीच्या ओळीत मराठीतच कालवलेली कानडी. तिकडं कुठं तरी लढाई चालली होती, आणि इकडं आम्हाला रॉकेल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. चुन्याला मात्र तोटा नव्हता, मातीला नव्हता आणि माझ्या रागालाही नव्हता.

नांदेडला कापसाच्या बाजारात मला एक गाळा मिळत होता. स्वतःचा, स्वतःच्या नावाचा. गाळेवाल्याची अट एकच: दिवाळीच्या पाडव्याला गादी घातली तर गाळा माझा, नाही तर दुसऱ्याचा. हातात पाच आठवडे होते आणि सगळी भिस्त लातूरच्या घरावर. घर गेलं तर नांदेड. राहिलं तर पुन्हा तीच अडतीची ओळ, तेच पोत्यांचे ढीग आणि शेजारी चंद्रप्पा शेट.

चंद्रप्पा शेटच्या अडतीवर मी सात वर्षं मापाडी होतो. मापाड्याचं मोजणं म्हणजे नुसतं मोजणं नव्हे. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार, असा सूर लावून दिवसभर ज्वारी ओतायची. सूर तुटला की मोजणी चुकली. माझा सूर कधी तुटला नाही. शेतकरीही म्हणायचे, मन्मथाच्या हाताखालून आलेल्या धान्याला पुन्हा हात लावायची गरज नाही. त्या सात वर्षांच्या कमाईतून मी जागा घेतली, आणि घेतली ती चंद्रप्पा शेटकडूनच, त्याच्या गोदामाला लागून.

सौद्याच्या दिवशी जागेची पुढची बाजू मी माझ्या हातानं मोजली. लाभ, दोन, तीन... अठरा हात भरली. मागं माणसापेक्षा उंच निवडुंग माजलेलं. मी तिकडं वळलो, तर शेट म्हणाला, "तिकडं कुठं जातोस मन्मथ? सापं हायत त्याच्यात. पुढं हाय तसंच मागं. मी काय तुला फसवणार हाय का?"

आमचा मठ एक, गुरू एक, गळ्यातलं लिंग एक. त्याच्या घरचं मी सात वर्षं जेवलो होतो. मी वळलो तिथूनच परत आलो. साऱ्या ओळीचं धान्य मोजणाऱ्या माणसानं स्वतःची जागा एकाच बाजूनं मोजली. हे आजही लिहिताना माझी कानशिलं गरम होतात.

निवडुंग तोडलं, तेव्हा मागची बाजू निघाली सहा हात. जागा पाचरीसारखी. आमच्याकडं पुढून अरुंद आणि मागं ऐसपैस असलेल्या जागेला गोमुखी म्हणतात; ती राहायला शुभ. पुढून रुंद आणि मागं निमुळती ती वाघमुखी. वाघाचा जबडा पुढं आणि आपण त्यात. अशा जागेत कुणी घर बांधत नाही. मी तडक शेटकडं गेलो. तो गादीवर पानाला कात लावत होता. वर न बघता म्हणाला, "तू मापाडी. मोजायचं काम तुझं." सगळी ओळ हसली. हमाल हसले, मुनीम हसला, पाणी भरणारी बाईसुद्धा हसली.

त्या हसण्यावर मी घर बांधलं. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, पुढं ओटा. नऊ वर्षं राहिलो. दोन मुली तिथं जन्मल्या, चांगल्या धष्टपुष्ट. मापाडीपण सोडून धरलेली दलाली तिथंच वाढली. वाघानं कुणाला खाल्लं नाही.

पण विकायला काढलं आणि वाघ उठला. कुणी घर बघायला आलं, की चंद्रप्पा शेट गोदामाच्या दारातून हाक मारायचा, पाणी द्यायचा, आणि हळूच म्हणायचा, "घर चांगलं हाय हो, पण जागा वाघमुखी. मीच इकली, मला ठावं न्हाई तर कुणाला?" तीन गिऱ्हाइकं अशी परतली. मग त्याचा मुनीम निरोप घेऊन आला: निम्म्या भावात देत असला तर शेट घेईल, जुन्या माणसाची अडचण म्हणून. मी मुनिमाला जे बोललो ते इथं लिहीत नाही. पाडव्याला तीन आठवडे उरले होते.

घर विकणारा माणूस घराकडं पहिल्यांदा बघतो, असं मला वाटतं. राहतो तेव्हा आपण आत बघत असतो: चूल, देव, झोपलेली लेकरं. विकायची वेळ आली की रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभं राहावं लागतं. मी उभा राहिलो आणि दचकलो. हे माझं घर? पन्हळीखाली पावसानं काळा ओघळ काढलेला. जोत्याच्या कडेनं शेवाळ. माळवदावर वीतभर गवत, त्यात कुणाची तरी कोंबडी. ओट्याचा कोपरा बैलगाड्यांच्या आसांनी घासून गोल झालेला. उंबऱ्याजवळच्या भिंतीवर मुलींच्या तेलकट हातांचे ठसे, दर वर्षी थोडे वर सरकलेले.

दलालीत एक गोष्ट मी शिकलो होतो. गिऱ्हाईक आत शिरण्याआधीच त्याचं मन ठरलेलं असतं. आत ते फक्त कारणं शोधतं. त्याची नजर आधी जोत्याकडं जाते, ओल आहे का. मग पन्हळीकडं. मग चौकटीकडं. म्हणून मी बाहेरून सुरुवात केली. इब्राहिम मिस्त्रीला बोलावलं. बारीक, वाकडा, तोंडात कायम सुपारी. लातुरात चुन्याचा हात त्याच्यासारखा कुणाचा नव्हता. मोहरमात वाघाचं सोंग घेणाऱ्यांची अंगं तोच रंगवायचा. पिवळ्यावर काळे पट्टे असे ओढायचा, की माणूस उभा राहिला तरी वाघ दबा धरल्यासारखा दिसावा.

ते दिवस मला रंगांनीच आठवतात. गढीच्या टेकाडावरून आणलेली पांढरी माती, माळवदावर पसरून धुमसानं चोपलेली. दिवसभर तो धप्प धप्प आवाज. गवत उपटलं तेव्हा उठलेला मुळांचा दर्प. चुन्यात घातलेला बाभळीचा डिंक आणि चिमूटभर नीळ. केकताडाचा कुंचला भिंतीवरून गेला की आधी भिंत काळपट ओली होते, काहीच केलं नाही असं वाटतं. मग ऊन तिला हळूहळू उजळत नेतं. आश्विनातलं ते ऊन! पावसानं धुतलेलं, टोकदार. संध्याकाळी घर इतकं पांढरं दिसायचं, की माझी बायको काशीबाई डोळ्यांवर हात धरून म्हणायची, "अवो, नऊ वर्सं ऱ्हायलो तवा असं का न्हाई केलं?"   आपण जन्मभर कळकट घरात राहतो आणि परक्याला द्यायचं ठरलं की उजळवतो.

पण चुन्यानं वाघमुख जात नव्हतं. इब्राहिम मिस्त्रीनंच तोड काढली. "सेठ, पुढं दोन्ही बाजूनं आडभिंती घेऊ. ओट्याला दोन हात फुटल्यासारख्या. बीचमें दरवाजा. समोरून देखो तो अरुंद लगता. मागचं कोण मोजतंय? हौ की नक्को?"

मी हौ म्हणालो. लगेच म्हणालो, हेही सांगून टाकतो. विटा आणल्या, डावीकडची भिंत कमरेइतकी चढली. खरंच, रस्त्यावरून बघितलं की घर आकसल्यासारखं, सोज्वळ वाटायला लागलं. मला हसू येत होतं. चंद्रप्पा, बघ आता.

काशीबाई दळण घेऊन आली. डोक्यावरची पाटी न उतरवता ती त्या भिंतीकडं बघत राहिली.

"हे काय करून राहिलात?"

"दिसत न्हाई? घर इकून राहिलो."

"चंद्रप्पानं निवडुंग लावलं न्हवतं. ते आपसूक उगवलं व्हतं. तुमी तर इटा इकत आणून लपवून राहिलात."

मी खूप ओरडलो. मिस्त्रीच्या हातातली थापी हिसकून अंगणात फेकली. तुला व्यवहार कळत नाही म्हणालो, तुझ्या बापाला कळत नव्हता म्हणालो. ती पाटी घेऊन आत गेली आणि पीठ डब्यात ओतल्याचा आवाज आला, तेवढंच. मी ओट्यावर बसून राहिलो. भिंत ओली होती. कुणी फसवलं याचा राग मी नऊ वर्षं जपला होता, एखादं किमती जनावर जपावं तसा. आणि आता तोच राग मला चंद्रप्पाच्या गादीवर नेऊन बसवत होता. दिवस मावळायच्या आत मी ती भिंत लाथेनं पाडली. माती अजून मऊ होती, पडायला वेळ लागला नाही. इब्राहिम मिस्त्री सुपारी चघळत बघत होता. म्हणाला, "सेठ, मजुरी दोन्ही कामाची लगेगी. बांधायची भी, पाडायची भी."

दुसऱ्या दिवशी मी मागचं राहिलेलं निवडुंग मुळापासून काढलं. घराच्या चारी अंगांनी, अगदी त्या सहा हातांच्या टोकापर्यंत, जोत्यावर गेरूचा चार बोटं रुंद पट्टा ओढून घेतला. पांढऱ्यावर लाल. आंधळ्यालाही जागेचा आकार कळावा. आणि मिस्त्रीला म्हणालो, "दाराच्या दोन्ही अंगाला वाघ काढ."

"वाघ?"

"मोहरमात काढतोस तसे. पिवळे जर्द."

तो पहिल्यांदाच सुपारी थुंकला. "सेठ, माणसाच्या अंगावरचा वाघ नाचता. भिंतीवरचा बैठा रहेगा. चलेगा?"

"चालंल. पण दात दिसले पाहिजेत."

पिवडी आणि काजळी खलून त्यानं दोन दिवसांत दोन वाघ उभे केले. काय सांगू तुम्हाला! पुरुषभर लांब, मिशा ताठ, शेपट्या चौकटीवर जाऊन एकमेकींना टेकलेल्या. सगळं लातूर बघायला आलं. लेकरं हात लावून पळायची. मुनीम आला, बघून गेला. कुणी तरी मला विचारलं, "मन्मथप्पा, घर इकायचं हाय का घालवायचं?" मी म्हणालो, "ज्याला वाघाचं भ्या वाटतं त्यानं दुसरी गल्ली धरावी." चंद्रप्पा शेट दारात उभा राहून गिऱ्हाइकांना हळूच सांगायचा ती गोष्ट आता माझी भिंत ओरडून सांगत होती. त्याला सांगायला काही उरलंच नाही. लपवलेल्या वैगुण्याची किंमत दुसरा ठरवतो. उघड्यावर मांडलं की निदान घासाघीस तरी आपल्या हातात राहते. हे शहाणपण मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त पेटलेला होतो.

सुंदराबाई आली ती कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी. रेणापूरची कासारीण; बाजारोबाजार बांगड्यांचं ओझं वाहून तिचे पाय सुजलेले. लातुरात बसून दुकान घालायचं तिच्या मनात होतं. तिनं आत डोकावलंही नाही. त्या लाल पट्ट्याच्या कडेकडेनं चालत ती सरळ मागं गेली, आपल्या हातानं मागची बाजू मोजली आणि पुढं आली.

"सहा हात हाय मागं."

"हाय."

"हे डावीकडचं वाघरू मांजरावाणी दिसतंय."

"ते आजारी हाय. भाव उजवीकडच्यावर सांगतो."

ती हसली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मागं सहा, तर भाव बी सहाचा सांगा."

"बाई, तुम्ही बांगड्या मागच्या भिंतीत भरणार का? बाया पुढं बसणार, ओट्यावर. अठरा हात ओटा लातुरात कुठं हाय दाखवा."

"ऱ्हायला मागंच जाणार की मी."

"एकटं माणूस तुम्ही. सहा हात लई झाले."

"अन् वाघमुखी?"

"दुकानाला वाघमुखीच लागते. आलेलं गिऱ्हाईक सुटत न्हाई."

"हे आधी का न्हाई म्हणालात? वाघ काढून भ्या घालत बसलात ते!"

आता एक अडचण आली. आम्ही दलाल लोक भाव तोंडानं कधी बोलत नाही. उपरण्याखाली हात हातात घ्यायचा, बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, अर्धं बोट. वर चेहरे कोरे. पण बाईमाणसाचा हात उपरण्याखाली कसा धरणार? जन्मात पहिल्यांदा मी भर रस्त्यात भाव मोठ्यानं बोललो. तिनं तो मोठ्यानं खाली ओढला. मी वर नेला. आजूबाजूचे हमाल पोती टाकून उभे राहिले. मी उठून आत गेलो, परत आलो; ती ओझं डोक्यावर घेऊन चार पावलं गेली, परत आली. शेवटी जो भाव ठरला तो साऱ्या ओळीनं ऐकला. चंद्रप्पा शेटनंही. गोदामाच्या दारात तो उभाच होता.

म्हणून दस्ताच्या दिवशी तो कचेरीत आला. शेजारचा जागावाला म्हणून त्याला बोलावणं होतंच. सुंदराबाई आत कारकुनासमोर बसली होती, काळ्या शाईत अंगठा बुडवायच्या बेतात. शेटनं मला कडुलिंबाखाली बाजूला घेतलं. किती वर्षांनी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

"मन्मथ, त्या बाईपरीस दीडशे वर. हाली रुपये, रोख, आत्ता."

जास्तीचा भाव मी आयुष्यात सोडला नव्हता. खरं सांगतो, अंग पुढं झुकलं. निजामाच्या शिक्क्याचे दीडशे म्हणजे नांदेडला गाळ्यामागं एक पक्की खोली. मी विचारलं, "शेट, वाघमुखी जागा तुम्हाला कशाला पायजे?"

"गोदामाला चालतीय की."

"मग त्या तीन गिऱ्हाइकांना असंच का न्हाई सांगितलं? दुकानाला, गोदामाला चालतीय म्हणून?"

त्यानं खांद्यावरचा हात काढून घेतला. म्हणाला, "जुनं काय उकरतोस? अंगठा अजून उठला न्हाई."

"भाव मी रस्त्यावर बोललोय. हातात झाकून न्हाई. आत चला, तुमची सही लागती."

आत कारकून सीमा लिहीत होता. मी त्याला उर्दूत जे लिहिलं ते वाचून दाखवायला लावलं. पुढून अठरा, मागून सहा. चंद्रप्पा शेटनं त्याखाली सही केली. ज्या आकड्यावर त्यानं नऊ वर्षांपूर्वी वर न बघता पान लावलं होतं, त्या आकड्याखाली.

ती खोली पुढं दोन वर्षं झाली नाही. ती दोन वर्षं नांदेडला आम्ही पत्र्याखाली काढली, आणि गोदावरीकाठच्या उन्हाळ्यात पत्रा काय असतो ते काशीबाईला विचारावं लागलं असतं. माझे व्याही, जावई, सगळे म्हणत आले, की त्या दिवशी तुम्ही हट्टापायी नुकसान केलंत. असेल. नुकसान माझं होतं, मी केलं. चंद्रप्पा शेट पुढं म्हातारपणी नांदेडला आला होता, देवळाच्या पायरीवर भेटला, नमस्कार करून मोकळा झाला. मी नमस्कार केला. माफ केलं नाही. काही लोक म्हणतात वय झालं की राग विरतो. माझा विरला नाही, आणि मी विरू दिलाही नाही. त्याच्यावर माझं घर उभं राहिलेलं आहे.

आम्ही लातूर सोडलं त्या सकाळी सामानाची गाडी दारात लागली होती. मोटार स्टँडवर तासाभरात सुटणार. मुली पुढं बसल्या, भांडी चढली, जातं चढलं. सुंदराबाईनं ओटा झाडून आपलं गाठोडं सोडलं आणि काशीबाईचा हात धरून तिला खाली बसवलं. "पयली भवानी तुमची. नको म्हणू नका." काशीबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. पदर खोचून ती आपल्याच ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसली आणि दोन्ही हात पुढं केले. हिरव्या बांगड्या एकेक करून चढू लागल्या. गोदामाच्या दारात माणसं जमली. गाडीवान चाबूक वाजवून म्हणाला, मोटार जाईल. मी म्हणालो, "अगं, उरक."

"घाई करू नका," ती म्हणाली, "गिऱ्हाईक हाय मी."